दोनशे पिल्लं आणि हॉटडिशचं भांडं

नाही, आधी ऐका. गेल्या शनिवारी मी बर्फावर आले नाही, तुम्ही तिघं गोठलेल्या तळ्यावरच्या त्या झोपडीत भोकात गळ सोडून माझी वाट बघत बसलात, फोनवर फोन केलेत, डेलनं तर 'तुला आत्याच्या माशांनी गिळलं का' असा मेसेजही टाकला, ते सगळं मान्य. पण मी माशांचंच करत होते! म्हणजे आधी मी मारले होते. मासे नाही, माशांचं जेवण. थांबा, नीट सांगते, मध्ये कोणी बोलायचं नाही, आणि ती चिप्सची पिशवी इकडं द्या.

तर आमची व्हर्ना आत्या. तुम्ही सगळे तिच्याच पिवळ्या बसमधून शाळेत गेलाय, तेव्हा ती कशी आहे ते मी सांगायला नको. एकतीस वर्षांत बस एकदाही उशिरा निघाली नाही. रिटायर झाल्यावर लोक विणकाम करतात, थंडी टाळायला अॅरिझोनाला जातात. हिनं तळघरात समुद्र आणून ठेवला. मिनेसोटात! खरा समुद्र इथून हजार मैल लांब. नळाचं पाणी गाळायचं, पोत्यातलं मीठ मोजून घालायचं, की झाला समुद्र. आणि तिच्या समुद्रात रात्र होते दुपारी दोनला. खोटं नाही. त्या माशांची अंडी अंधार पडल्यावरच फुटतात, आणि आत्या नऊला झोपते म्हणजे झोपते. म्हणून तिनं दिव्यांचा टायमर असा लावलाय की दुपारी दोनला माशांची रात्र सुरू. म्हणते, "माझ्या वेळापत्रकात बसायचं असेल तर बसा, नाहीतर उतरा."

मासे दोनच. बोटाएवढे, पण अख्खे जांभळे, आपल्या फुटबॉल टीमच्या जर्सीसारखे, आणि हंगाम संपताना आपण सगळे असतो तसे कायम चिडलेले. नराचं नाव प्रिन्सिपल. त्याची पहिली बायको त्यानं टाकीभर पळवून पळवून संपवली, म्हणून दुसरी आणली तिचं नाव बदली बाई. ही मात्र त्याला पुरून उरली. तर हा प्रिन्सिपल एका प्लंबिंगच्या एल्बोत, म्हणजे पाइपाच्या वाकड्या तुकड्यात, राहतो, तिथंच बदली बाई अंडी घालून निघून जाते, आणि तो द्राक्षाएवढा अंड्यांचा गोळा घेऊन चार-पाच दिवस बसतो. हलत नाही. आपल्या शाळेतल्या प्रिन्सिपलपेक्षा कामसू.

आता महत्त्वाचं. याआधी तीनदा अंडी फुटली होती, आणि तीनदा सगळी पिल्लं चौथ्या दिवसाच्या आत संपली. सगळी. कारण एकच, भूक. ही पिल्लं म्हणजे पापणीच्या केसाचा तुकडा, त्याला दोन डोळे. पोटाला एक दिवस पुरेल एवढी शिदोरी घेऊन जन्मतात, आणि ती संपली की समोर, अगदी नाकासमोर काहीतरी जिवंत पोहत असावं लागतं. मेलेलं खात नाहीत. शोधायला जात नाहीत. नाकासमोर आलं तर खाणार, नाहीतर मरणार.

आणि प्रिन्सिपल सात वर्षांचा झालाय. गेलं वर्षभर त्याच्या एल्बोत काही नव्हतं. या फेब्रुवारीत अचानक गोळा दिसला तेव्हा आत्या नुसती वर गेली आणि स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर पुढच्या महिन्यात एका तारखेला पेन्सिलीनं बारीक टिंब काढलं. तो तिसावा दिवस. तिसाव्या दिवसापर्यंत पिल्लं जगली तर ती जांभळी होतात, माशांसारखी दिसायला लागतात. टिंब! आमच्या घराण्यात एवढी आशा उघडपणे दाखवलेली मी पहिल्यांदा बघितली. मी विचारलं, "आत्या, हे काय?" तर म्हणाली, "कचऱ्याची गाडी येते त्या दिवशी." कचऱ्याची गाडी मंगळवारी येते. टिंब रविवारवर होतं.

तर शुक्रवारी दुपारी दोनला रात्र झाली आणि अंडी फुटली. आत्यानं काचेजवळ बॅटरी धरली, पिल्लं उजेडाकडं आली, आणि तिनं कपानं एकेक कप करून दोनशेच्या आसपास पिल्लं दुसऱ्या टाकीत नेली. त्या टाकीला चारी बाजूंनी काळा कागद, वरून मंद दिवा. आणि मी? मी मदत केली. इथंच सगळं बिघडलं.

तळघरात दोन बादल्या असतात. त्यात रोटिफर. डोळ्यांना धड दिसतही नाहीत असे जीव, हिरवं पाणी पिऊन जगतात, आणि पिल्लांचं पहिलं जेवण म्हणजे तेच. रोज बादलीत थोडं हिरवं पाणी ओतायचं, सकाळपर्यंत ते सगळं हिरवं खाऊन टाकतात आणि पाणी फिक्कं होतं. पाणी फिक्कं म्हणजे सगळे खुशाल. दोन बादल्या एवढ्यासाठी की एक मेली तर दुसरी असावी.

आता मी काम कुठं करते? टर्कीची अंडी उबवतात त्या हॅचरीत. आमच्याकडं दारातून आत जाताना बूट धुवायचे, हात धुवायचे, ट्रे धुवायचे, धुतलेलं परत धुवायचं. दोन वर्षं तेच केल्यावर माणसाला घाण बघवत नाही. आणि त्या बादल्यांच्या हवेच्या नळ्या अशा बुळबुळीत झाल्या होत्या, गाळणीला हिरवा थर बसला होता… म्हटलं, आत्या पिल्लांमध्ये गुंतलीय, आपण जरा शिस्त लावू. कामावरून आणलेलं जंतुनाशक होतं. दोन्ही बादल्यांच्या नळ्या, बुडबुड्यांचे दगड, गाळण्या, सगळं घासून काढलं, विसळलं, परत लावलं. एवढं चकचकीत! मनात म्हटलं, आत्या खूश होईल.

शनिवारी सकाळी नऊला आत्यानं मला नावानं हाक मारली. ओरडली नाही, ती ओरडत नाही. "मारेन, जरा खाली ये, तुला वेळ असेल तर."

वेळ असेल तर! म्हणजे घराला आग लागलीय.

मी खाली गेले. दोन्ही बादल्या हिरव्यागार. काल ओतलेलं सगळं तसंच. कोणी प्यायलंच नव्हतं. आणि वर एक वास, उन्हात विसरलेल्या लंच बॉक्ससारखा. आत्यानं नळी उचलली, उजेडात धरली, नखानं पुसून बघितली.

"चांगली निघाली गं," ती म्हणाली.

"आत्या…"

"इतकं स्वच्छ घर केलंस की राहायला कोणी उरलंच नाही."

तुम्ही हसा. मला तेव्हा रडू आलं. काळ्या टाकीत बघितलं तर दोनशे पिल्लं दिव्याखाली तरंगत होती, डोळे हे मोठाले, आणि प्रत्येकाच्या पोटाखाली शिदोरीचा एक बारीक थेंब उरलेला. आत्या म्हणाली, "संध्याकाळपर्यंत." एवढंच. आणि वर जाऊन कॉफी करायला लागली. मी तिच्या मागं मागं. टपालानं नवे रोटिफर मागवले तर मंगळवारी येणार. तिच्या मासे पाळणाऱ्यांच्या क्लबातले बाकीचे लोक मिनिअॅपोलिसकडं, आणि रेडिओवर तर सांगत होते की त्या रस्त्यावर वारा बर्फ उडवतोय, निघू नका. जवळ एकच माणूस उरला. नऊ मैलांवर. मिस्टर बाके.

हो, तेच! बँडचे मिस्टर बाके. ज्यांनी मला चार वर्षं ट्रॉम्बोन शिकवला आणि शेवटी म्हणाले होते, "मारेन, तू श्वास फार छान घेतेस." तेही समुद्री मासे पाळतात, त्यांच्याकडंही बादल्या आहेत.

"मग त्यांना फोन कर ना!" मी म्हटलं.

आत्यानं कॉफीत साखर घातली. ती साखर घेत नाही.

"त्याला कशाला उगीच त्रास."

"आत्या, दोनशे पिल्लं!"

"शनिवार आहे. काम असेल त्याला."

मी फोन लावला आणि तिच्या कानाला धरला. मग जे झालं ते मी तुम्हाला शब्दन् शब्द सांगते, कारण मी स्पीकर चालू केला होता.

"हॅलो, ऑर्लिन. व्हर्ना बोलतेय."

"अरे वा, व्हर्ना. काय म्हणता."

"काही नाही. थंडी आहे."

"आहे खरी. उणे सत्तावीस होतं सकाळी."

"आमच्याकडं उणे अठ्ठावीस."

"हो का. मग जास्तच की."

मी भिंतीवर डोकं आपटायचं बाकी होतं. शेवटी आत्या म्हणाली, "बादल्या आज जरा हिरव्याच आहेत." बस. एवढंच बोलली. पण मासे पाळणाऱ्या माणसाला एवढं पुरतं, ते म्हणजे त्यांच्यात कोणी गेल्यासारखं असतं.

"दोन्ही?" मिस्टर बाकेंनी हळूच विचारलं.

"दोन्ही."

"आणि पिल्लं?"

"आहेत. काल निघाली."

"हं. तसं बघायला गेलं तर इथं एक बादली नुसती पडून आहे. तुम्हाला उपयोग असेल तर."

मी उडीच मारली. आणि आत्या काय म्हणाली? "नको नको. तुम्हाला कशाला त्रास."

ठीक आहे, पहिल्यांदा नको म्हणायचंच असतं, मलाही कळतं. मिस्टर बाके म्हणाले, "त्रास कसला. मी तसाही गावात येणारच होतो." जे खोटं होतं, त्या वाऱ्यात कुत्रंही बाहेर पडलं नसतं. आत्या म्हणाली, "छे छे, आमचं चाललंय कसंतरी." दुसऱ्यांदा नको. हेही बरोबर. आता ते तिसऱ्यांदा विचारणार, आणि ती म्हणणार, बरं, तुम्ही एवढं म्हणताच आहात तर. मी श्वास रोखून उभी. फार छान रोखला होता.

आणि तिकडं त्यांच्या ओव्हनची घंटा वाजली.

"अरे, माझा ब्रेड," मिस्टर बाके म्हणाले. "बरं मग, व्हर्ना. काळजी घ्या." आणि फोन बंद.

आत्या त्या फोनकडं बघत राहिली. "दोनदाच विचारलं," ती म्हणाली.

"मग तू विचार! तू सांग, पाहिजे म्हणून!"

"मी?" तिनं माझ्याकडं असं बघितलं जसं मी तिला चर्चमध्ये कपडे काढून नाचायला सांगितलं. "त्याला द्यायचं नसेल गं मनातून. दोनदाच विचारलं ना. शिवाय…" आणि इथं एकदम जोरात म्हणाली, "शिवाय त्याच्याकडं माझं भांडं आहे. तीन वर्षं."

आता हे मला नवीनच. तर झालं होतं असं की तीन हिवाळ्यांपूर्वी वादळात मिस्टर बाकेंची वीज दोन दिवस गेली होती आणि त्यांच्या सगळ्या बादल्या मेल्या. तेव्हा आत्यानं आपल्या बादलीतले रोटिफर नेऊन दिले. आणि कशात नेले, तर ओव्हनमध्ये हॉटडिश भाजतात त्या भांड्यात. काचेचं मोठं, तिच्या आईचं, खाली चिकटपट्टीवर VERNA लिहिलेलं, चर्चच्या जेवणात बदलू नये म्हणून. त्यात कीमा आणि बटाट्यांच्या ऐवजी एक कोटी रोटिफर, वर प्लॅस्टिक ताणून. आणि ते भांडं परत आलंच नाही. तेव्हापासून ही दोघं क्लबात भेटली की फक्त हवेबद्दल बोलतात. एकदा तिनं मिटिंगमध्ये आपल्या काळ्या टाकीचा फोटो दाखवला तर मिस्टर बाके म्हणाले, "वेगळंच आहे." आणि आपल्याकडं 'वेगळंच आहे' म्हणजे 'अजिबात आवडलं नाही', ते तुम्हाला माहितीये. आत्या तीन दिवस जेवली नव्हती. म्हणजे जेवली, पण गप्प.

"आईचं भांडं होतं," ती म्हणाली. "मागायचं तरी कसं? भांडं कोणी मागतं का?"

आणि ऐका, त्या क्षणी माझ्या डोक्यात दिवा लागला. आपल्याकडं कोणी कोणाचं भांडं रिकामं परत देतं का? मरेल पण देणार नाही. माझी आई तर शेजारचा चमचा परत करतानासुद्धा त्यावर जॅम घालून देते. म्हटलं, आपण रोटिफर मागायचेच नाहीत. आपण भांडं आणायला जायचं.

"आत्या, उद्या चर्चमध्ये जेवण आहे ना? तुला हॉटडिश न्यायचीय ना? आणि तुझं मोठं भांडं सापडत नाहीये. मी फक्त शोधतेय. सगळीकडं विचारतेय."

आत्यानं कप विसळून उपडा ठेवला. मग म्हणाली, "रस्ता बघून चालव." म्हणजे हो! मी कोट घालून दारात, आणि ही मागून, "थांब, अशी रिकाम्या हातानं जाणार का त्याच्या घरी?" आणि बसली लिंबाच्या वड्या कापायला! खाली दोनशे पिल्लं उपाशी, आणि ही पट्टी लावल्यासारख्या चौकोनी वड्या कापतेय, कडेच्या वेड्यावाकड्या बाजूला काढतेय, कागद लावतेय. वीस मिनिटं. मी मोजली.

रस्त्यावर काय वारा होता! बर्फ आडवा वाहत होता, गाडीचं नाक दिसत नव्हतं. पण पोचले. मिस्टर बाकेंनी दार उघडलं, चष्म्यावर वाफ.

"मारेन! अजून एक ठोका उशिराच येतेस."

"आत्यानं वड्या पाठवल्यात."

"अरे, कशाला. कॉफी घेशील?"

मी तोंड उघडलं, आणि अंगवळणी पडलेलं बाहेर आलं, "नको नको." मला स्वतःचीच मान पिरगाळावीशी वाटली. त्यांनी परत विचारलं, मी परत नको म्हटलं, तिसऱ्यांदा हो म्हटलं, आणि त्यात चार मिनिटं गेली. त्यांच्या स्वयंपाकघरात बसले. ब्रेडचा वास येत होता, तो फोन बंद पाडणारा ब्रेड, आणि त्यावर लोणी लावून माझ्यापुढं. आणि वर बघते तर फ्रिजच्या डोक्यावर, मधोमध, ते भांडं. घासून लखलखीत. काचेतून खालची पट्टी दिसत होती, VERNA, उलटं.

"आत्याला उद्यासाठी हॉटडिश करायचीय," मी छताकडं बघत म्हटलं. "पण मोठं भांडं कुठं ठेवलंय तेच सापडेना. सगळं घर शोधलं."

मिस्टर बाकेंचे कान लाल झाले. आधी एक, मग दुसरा. त्यांनी कॉफी ढवळली. दूध नाही, साखर नाही, नुसतीच ढवळली.

"परत द्यायचंच होतं गं," ते म्हणाले. "पहिल्या उन्हाळ्यात सफरचंदाचं पुडिंग केलं त्यात घालून द्यायला. पातळ झालं. मग मक्याचा ब्रेड केला, तो मधोमध खचला. ख्रिसमसला मासे भाजले, म्हटलं मासे पाळणाऱ्या बाईला भाजलेले मासे कसे नेऊ? तिनं त्या भांड्यातून माझं सगळं तळघर परत उभं करून दिलं होतं, मारेन. वादळात. स्वतः गाडी चालवत. त्यात मी काय, बटाटे घालून परत पाठवू?"

तीन वर्षं! आत्याला वाटतंय यानं भांडं ढापलं, आणि हा बिचारा फ्रिजवर ठेवून रोज बघतोय की यात घालू काय.

"पण आता तर न्यावंच लागेल," मी म्हटलं. "आणि रिकामं नेलं तर आत्या काय म्हणेल…"

"हो ना," ते म्हणाले. कपाट उघडलं. "बीन्सचा डबा आहे. अक्रोड आहेत थोडे…"

अक्रोड! मी त्यांच्याकडं बघितलं. मग तळघराच्या दाराकडं बघितलं. मग परत त्यांच्याकडं. मग परत दाराकडं. ट्रॉम्बोन वाजवताना ते मला असेच डोळ्यांनी खुणा करायचे आणि मला कधी कळायचं नाही, आता कळलं त्यांना कसं वाटत असेल. शेवटी त्यांनीही दाराकडं बघितलं.

"हं," ते म्हणाले. "पण तिला नकोत. मी दोनदा विचारलं."

"मिस्टर बाके," मी म्हटलं, आणि माझा आवाज फाटला, "तुमचा ब्रेड वाजला! नाहीतर तिसऱ्यांदा…"

पुढं बोलावं लागलंच नाही. ते खुर्चीवरून असे उठले की कप कलंडला. भांडं काढलं, सिंककडं गेले, नळ सोडला, आणि मी किंचाळले, "साबण नको!"

ते थांबले. वळून बघितलं. माझा चेहरा बघितला असणार, कारण सगळं कळलं त्यांना.

"अच्छा," ते म्हणाले. "तर असं झालं होय. हॅचरीतलं औषध?"

मी मान हलवली.

"पहिल्या वर्षी मी ब्लीच वापरलं होतं," ते म्हणाले. "तुझ्या आत्याला सांगू नकोस. तिला अजून वाटतं माझ्या बादल्या एकदाच मेल्या, वीज गेली तेव्हा."

मग खाली. त्यांनी बादलीतून गाळून घट्ट करून काढले, गाळणीत कॉफीच्या सायीसारखा तांबूस थर जमला, तो खाऱ्या कोमट पाण्यात सोडला, भांडं भरलं. माझा जीव भांड्यात पडला तो असा. वर प्लॅस्टिक ताणलं. म्हणाले, "हे तिचेच आहेत. तिनं दिलेल्यांचे खापरपणतूंचे खापरपणतू. मी फक्त सांभाळले." आणि मग कोट घालायला लागले, कारण वळणावर भांडं कोणीतरी धरायला हवं, आणि थंडी लागता कामा नये. नऊ मैल त्यांनी ते कोटाच्या आत, पोटाशी धरून आणलं, टर्की अंड्यांवर बसते तसं. मी एकदा ब्रेक जरा जोरात मारला तर म्हणाले, "हळू, लय सांभाळ." वाटेत आणखी एकच वाक्य बोलले, "त्या फोटोबद्दलच्या माझ्या बोलण्याचं तिला वाईट वाटलं होतं का? मला खरंच वेगळी वाटली होती टाकी. चांगली वेगळी." मी म्हटलं, ते तुम्हीच सांगा.

दारात आत्या उभी होती. एप्रन बदललेला.

"तुमचं भांडं," मिस्टर बाके म्हणाले, आणि कोटाची बटणं काढली.

आत्यानं भांड्यात बघितलं. प्लॅस्टिकखाली ते तांबूस पाणी हलत होतं. तिनं एकदम नाक ओढलं, म्हणाली, "अहो, त्याची काही घाई नव्हती."

तीन वर्षं!

खाली गेलो. पाऊण वाजला होता. आत्यानं कपानं हळूच रोटिफर टाकीत सोडले, थोडं हिरवं पाणी घातलं, आणि आम्ही तिघं गुडघ्यांवर बसून वरून वाकून बघायला लागलो. पहिल्यांदा काहीच नाही. पिल्लं नुसती तरंगत होती, पोटाखालचे थेंब तर केव्हाच संपलेले. कोणी हलेना. मला वाटलं उशीर झाला. त्या वीस मिनिटांच्या वड्यांनी मारलं त्यांना. आत्या बॅटरी धरून पाण्यावर इतकी वाकली होती की नाक बुडेल, यावरून समजा.

मग एका पिल्लानं शेपूट वळवलं. इंग्रजी S असतो ना, तसं. थांबलं. एकदम पुढं झेपावलं. हुकलं! परत S. परत झेप. आणि मग तसंच गप्प राहिलं. पण आता त्याच्या आरपार दिसणाऱ्या अंगात मधोमध एक पांढुरका ठिपका होता. पोट. भरलेलं पोट! "तिथं!" मिस्टर बाके कुजबुजले, "तिथं अजून एक." मग तिकडं. मग डावीकडं तीन. मग मोजायचं सोडून दिलं, कारण सगळ्या टाकीभर बारीक बारीक S व्हायला लागले होते, आणि आत्या तोंडावर हात धरून बसली होती.

मिस्टर बाके खूप वेळ बघत राहिले. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"हं," ते म्हणाले. "वाईट नाही."

वाईट नाही!! आमच्या बँडला अख्ख्या चार वर्षांत त्यांनी एकदाही वाईट नाही म्हटलं नव्हतं. आत्याचा चेहरा जांभळा झाला, प्रिन्सिपलसारखा.

"कॉफी घ्याल?" ती म्हणाली.

"नको नको, निघतो आता."

"थोडी घ्या."

"नाही, खरंच, रस्ता वाईट आहे."

आणि त्याच वेळी दोन वाजले, टायमर खट्‌कन वाजला, प्रिन्सिपलच्या टाकीत रात्र झाली. घंटा वाजली की माणसं निघून जातात, हे आत्या सकाळीच शिकली होती. तिनं वेळच लावला नाही.

"ऑर्लिन," ती म्हणाली, अख्ख्या तळघराला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं, "कॉफी घ्याल का?"

"बरं," ते म्हणाले. "तुम्ही एवढं म्हणताच आहात तर."

तर असं झालं. आज आठवा दिवस. मागच्या तिन्ही वेळची पिल्लं इथवर आलीच नव्हती. किती आहेत ते मोजता येत नाही, हलतात, पण आत्या म्हणते सत्तर, मिस्टर बाके म्हणतात बरीच. दोन्ही बादल्यांत पाणी सकाळी फिक्कं असतं. मला त्यांना हात लावायची परवानगी नाही, लांबून बघायची आहे. मिस्टर बाके रोज पावणेदोनला 'बादली कशी आहे' बघायला येतात, अडीचला 'चला, निघतो' म्हणतात आणि साडेतीनला निघतात. मधला सगळा वेळ उघड्या दारात, कोट घालून, उणे वीसमध्ये, घर गार करत. आणि काल मी कॅलेंडर बघितलं, तर त्या पेन्सिलीच्या टिंबाभोवती पेनानं गोल काढलाय. मी काही विचारलं नाही. कचऱ्याची गाडी असेल.

आणि भांडं? अहो, तेच तर. रविवारी चर्चमधून येताना हॉटडिश उरली होती, आत्यानं भांड्यासकट ती मिस्टर बाकेंच्या हातात दिली, एकट्या माणसाला दोन दिवस होईल म्हणून. म्हणजे भांडं परत त्यांच्या फ्रिजवर. मी म्हटलं, "आत्या! आता ते परत कधी येणार?"

ती बॅटरी घेऊन जिना उतरत होती. वळलीसुद्धा नाही.

"काही घाई नाही," म्हणाली.